बंड्याला ओ कोण देणार?

आमच्या घरी गजर लावावा लागत नाही. फटफटलं की बंड्या सुरू होतो. बंड्या म्हणजे आमचा काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. धाकट्या भाऊजींनी हौसेनं आणला, वर्षभरात त्यांची बदली झाली आणि पिंजरा ‘तात्पुरता’ आमच्या पडवीत आला. त्याला आता नऊ वर्षं झाली. हौस एकाची आणि निस्तरणं घरातल्या बाईचं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पहिली दोन वर्षं नुसता छळ होता. मी स्वयंपाकघरात गेले रे गेले की पत्र्यावर करवत चालवल्यासारखा आवाज. शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारायच्या. मी हातातलं लाटणं घेऊन तशीच धावायची, ‘गप्प बस मेल्या!’ तो तुरा फुलवून मान डोलवायचा. मला वाटायचं, घाबरला. कसला घाबरतोय!

शेवटी शहरातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तो ओरडला की तुम्ही काय करता?’ मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘ताई, त्यानं तुम्हाला छान शिकवलंय.’

हा मूळचा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, थव्यानं राहणारा पक्षी. सकाळी नि तिन्हीसांजेला सोबत्यांना हाका मारणं हा त्याचा स्वभाव. आमच्या घरात त्याचा थवा म्हणजे मी. मी दिसेनाशी झाले की त्यानं हाक मारायची, आणि मी धावत आले, मग शिव्या देत का होईना, की त्याला ओ मिळाली!

तेव्हापासून नेम केला. ओरडला तर वळून बघायचं नाही. शांत बसला किंवा हळू बोलला की लगेच जाऊन अक्रोडाचा तुकडा द्यायचा. आणि त्यानं हाक मारायच्या आधीच कणीक मळता मळता आपण शीळ घालायची, ‘आहे रे मी’ म्हणून. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ओरडणं उलट वाढलं. डॉक्टरांनी तेही सांगून ठेवलं होतं. पण नेमके पाहुणे आले, आणि आमच्या ह्यांनी ‘आजच्या दिवस’ म्हणत ओरडणाऱ्या बंड्यापुढे शेंगदाणे ठेवले. सगळी मेहनत पाण्यात. पक्षी लवकर शिकतो हो, घरची माणसं शिकत नाहीत.

चोचीला काम हवं, नाहीतर माझ्या दाराची चौकट आहेच. म्हणून पेरूच्या फांद्या, मक्याचं कणीस, नारळाची करवंटी. रात्री दहा-बारा तास अंधार नि शांतता, मग टीव्हीवर कुठलीही मालिका असो. लाड डोक्या-मानेपुरतेच. पाठीवरून हात फिरवला की पक्षी माजावर येतो नि चावरा होतो. नॉनस्टिक तवा तर मी घरातून हद्दपारच केला. तो कोरडा तापला तर त्याच्या धुरानं पक्षी मरतो.

हे सगळं जमतं. जमत नाही तो हिशोब वयाचा. काकाकुवा साठ-सत्तर वर्षंसुद्धा जगू शकतो. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला, तेव्हा ८३ वर्षांचा होता. बंड्या बाराचा, मी बावन्नची. म्हणून कुणी कौतुकानं ‘असा कुठे मिळतो हो?’ विचारलं की मी तोंडावर सांगते, घेऊ नका. वाईट वाटलं तरी चालेल. वन्यजीव कायद्याखालच्या २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा ‘परिवेश’ पोर्टलवर फॉर्म भरला. मालक म्हणून भाऊजींचं नाही, माझंच नाव लागलं.

मागे चार दिवस माहेरी गेले होते. परत आले तर बंड्यानं छातीवरची पिसं उपटून ठेवलेली. खाणंपिणं वेळेवर झालं होतं, कुणी काही कमी केलं नव्हतं. त्या रात्री मी लेकीला फोन केला, म्हटलं, माझ्यामागे याचं काय? ती म्हणाली, ‘आई, फ्लॅटमध्ये?’ आणि गप्प झाली.

आता सुट्टीत आली की ती स्वयंपाकघरात उभी राहून माझ्यासारखी शीळ घालून बघते. तो मान वाकडी करून ऐकतो. अजून ओ देत नाही.