दिव्यदृष्टीचा डिटेक्टिव्ह

घरांतील एखादा दागिना दिसेनासा झाला म्हणजे पहिल्या दिवशीं शोधाशोध होते, दुसऱ्या दिवशीं गड्यामाणसांवर नजरा वळतात, आणि तिसऱ्या दिवशीं कोणी तरी वडीलधारें मनुष्य म्हणतें, ‘एकदां प्रश्न तरी पाहून या.’ प्रश्न पाहणारा सांगतो, ‘वस्तु पूर्वेस आहे, सांवळ्या माणसाच्या हातीं लागली आहे.’ एवढ्या वर्णनांत कोण बसणार नाहीं? पण पूर्वेच्या बाजूस राहणारी सांवळी मोलकरीण घरांत असली, तर त्या एका वाक्यानें तिची अब्रू जाते. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर कसा घडतो हें पाहावयाचें असल्यास हॉलंडमधील पीटर हुर्कोस याचें चरित्र पाहावें.

याचें खरें नांव पीटर व्हान डेर हुर्क. जन्म १९११ सालीं डोर्ड्रेक्ट येथें. धंदा घरें रंगविण्याचा. १९४१ सालीं शिडीवरून पडून त्याच्या डोक्यास जबर मार बसला. शुद्धीवर आल्यापासून, एखाद्या वस्तूस हात लावतांच तिच्या मालकाची हकीकत आपणांस दिसूं लागली, असें तो सांगे. अपघाताविषयीं आपणांस शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु दिव्यदृष्टीला मुख्य साक्षीदार तो स्वतःच होता, हें विसरतां कामा नये.

१९५० च्या नाताळांत लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबींतून स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाची शिळा नाहींशी झाली. हुर्कोस तेथें गेला, आणि तपासांत आपण मोलाचें साहाय्य केलें असें पुढें सांगूं लागला. ब्रिटिश गृहमंत्र्यांनीं मात्र पोलिसांनीं त्यास बोलाविलें नव्हतें व त्याच्यापासून कांहीं निष्पन्न झालें नाहीं, असें स्पष्ट केलें. शिळा १९५१ च्या एप्रिलांत आर्ब्रोथ येथील पडक्या ॲबींत सांपडली. ती तेथें नेऊन ठेवणारे नेणाऱ्यांच्याच बाजूचे लोक होते.

१९५६ सालीं आंद्रिया पुहारिच नांवाच्या डॉक्टरनें त्यास अमेरिकेस नेलें. तेथें त्याची कीर्ति वाढली, आणि हानीहि वाढली. व्हर्जिनियांतील एका कुटुंबाच्या हत्येच्या प्रकरणांत, १९६० सालीं, त्याच्या सांगण्यावरून संशय एका कचरा वाहणाऱ्या माणसावर गेला. खुनी निघाला दुसराच. १९६४ च्या आरंभीं त्यास बोस्टन शहरीं आणण्यांत आलें. १९६२ पासून तेथें एकामागून एक ११ स्त्रियांचे गळे दाबून खून झाले होते, व सारें शहर भयानें ग्रासलें होतें. हुर्कोसनें मनानें दुबळ्या अशा एका जोडे विकणाऱ्याकडे बोट दाखविलें. पोलिसांना त्याच्याविरुद्ध कांहींच पुरावा मिळाला नाहीं. पुढें अल्बर्ट डिसाल्व्हो यानें कबुली दिली. त्या खुनांबद्दल त्याच्यावर खटला कधींच चालला नाहीं. परंतु त्यांतील शेवटच्या खुनाशीं त्याचा संबंध २०१३ सालीं डी.एन.ए. परीक्षेनें जुळला. बोस्टनच्या त्याच वर्षीं हुर्कोसवर मध्यवर्ती तपासखात्याचा अंमलदार असल्याची बतावणी केल्याचा आरोप येऊन त्यास दंड झाला! १९८८ सालीं लॉस एंजेलीस येथें तो वारला.

मग एवढ्या लोकांना तो खरा कां वाटला? त्यांत बुद्धीचा दोष थोडा, मनाच्या व्याकुळतेचा अधिक. असा द्रष्टा दहा गोष्टी घाईघाईनें बोलतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर कोणती उमटते तें पाहून तीच पुढें वाढवितो. नऊ चुकतात, त्या ऐकणारा विसरतो. एक जुळते, ती जन्मभर सांगतो. शिवाय, खुनी सांपडल्यावर जुनें मोघम वाक्य नव्या हकीकतीस सहज बसवितां येतें. चार्ल्स टार्ट या मानसशास्त्रज्ञानें मात्र बंदोबस्तानें त्याची परीक्षा घेतली, तेव्हां त्याचे तर्क योगायोगापलीकडे गेले नाहींत. टार्ट हे अशा शक्तींचे हाडवैरी नव्हते. उलट त्यांचा त्या विषयाकडे ओढा होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

ज्याचें मूल परतलें नाहीं, ज्याची बहीण मारली गेली, त्यानें अशा माणसाच्या दारीं जावें, याबद्दल त्यास हंसणें हें निष्ठुरपणाचें होईल. बुडत्याला काडीचा आधार. पण ती काडी दुसऱ्याच्या डोळ्यांत जात असेल तर? आपली चिंता शमविण्यासाठीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां एखाद्या दुबळ्याच्या माथीं बसतें. आणि तो कचरावाल्याप्रमाणें, जोडेवाल्याप्रमाणें, किंवा आपल्या घरच्या मोलकरणीप्रमाणें, उलट बोलूं शकत नाहीं.

असो. दागिना नाहींसा झाल्यास कपाटामागें, धान्याच्या डब्यांत, धुण्याच्या कपड्यांत पुन्हां एकदां पाहावें. जरूर तर पोलिसांत वर्दी द्यावी. दागिना एखादे वेळीं परत मिळतो. एकदां उडालेला विश्वास परत मिळणें कठीण, हें घरच्या वडील माणसांनीं तरी ध्यानीं ठेवावें.