मध्यरात्रीचे टपाल

निरोप पोहोचायला एक रात्र लागणे ही गैरसोय आहे, असे आपण आता धरूनच चालतो. बोटाने काच दाबली की निरोप पुण्याहून टोरांटोला गेला पाहिजे आणि तो वाचल्याची खूणही तिथल्या तिथे उमटली पाहिजे. नाही उमटली तर माणूस अस्वस्थ होतो. अशा या दिवसांत मला एका संथ टपालाबद्दल लिहायचे आहे. ते सरकारने सुरू केले नव्हते, कुठल्या कंपनीनेही नव्हते. घरातला एक संगणक, घरातलाच टेलिफोन आणि पदरमोड करण्याची तयारी एवढ्या भांडवलावर हौशी मंडळींनी ते जगभर पसरवले. निरोपाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला त्या टपालाकडे सरळ उत्तर होते. आपल्याकडे आज ते नाही.

गोष्ट शिकागोची आहे. १९७८ च्या जानेवारीत तिथे तुफान बर्फ पडले आणि आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन घरात अडकून पडले. ते आणि रँडी स्यूस हे शहरातल्या हौशी संगणक मंडळाचे सभासद. मंडळाच्या सूचना आणि सभासदांचे निरोप टेलिफोनवरून एखाद्या संगणकावर ठेवता आले तर, अशी कल्पना निघाली. क्लबाच्या भिंतीवर टाचणीने कागद लावायचा फलक असतो, तसा हा फलक. स्यूस यांनी एकच अट घातली : मंडळाची समिती यात नको, काम आपण दोघांनीच करायचे. ज्याने एकदा तरी समितीवर काम केले आहे, त्याला या अटीतले शहाणपण वेगळे सांगायला नको. काम दोन आठवड्यांत उरकले. पण दोन आठवड्यांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून महिना लागल्याचे सांगितले गेले आणि १६ फेब्रुवारी १९७८ ही त्या पहिल्या ‘बुलेटिन बोर्डा’ची जन्मतारीख ठरली. यंत्र स्यूस यांच्या घरी ठेवले, कारण शहरातल्या कोणालाही तिथे जादा पैसे न मोजता फोन लावता येई. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी माणूसही एकच. त्याने वाचून-लिहून फोन ठेवला की पुढच्याची पाळी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘बाइट’ मासिकात या दोघांनी आपली सारी कृती छापून टाकली, आणि मग असे फलक गावोगाव निघाले. अॅपल, अटारी यांच्या घरगुती यंत्रांवर निघाले. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ वर तर फारच. या यंत्राची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. टेलिफोनच्या तारेतून अक्षरे पाठवणारा मोडेम सुरुवातीला सेकंदाला तीसेक अक्षरे पाठवी. तुमच्या हातातला हा लेख त्या वेगाने यायला पाच-सहा मिनिटे लागली असती, आणि तो पडद्यावर ओळीओळीने उमटताना वाचूनही झाला असता.

तारेत खरखर फार. अक्षरे वाटेत बिघडत. त्यावर क्रिस्टेन्सन यांनी आधीच, १९७७ मध्ये, एक तोड काढून ठेवली होती आणि ती सर्वांना फुकट दिली होती. मजकुराचे १२८ अक्षरांचे गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज करून ती सोबत पाठवायची. पलीकडच्या यंत्राने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर ‘पावले’ म्हणायचे. नाही जुळली तर तोच गठ्ठा पुन्हा मागायचा. मी आयुष्याची तीस वर्षे बँकेत काढली आहेत. दिवसाअखेर जमा आणि नावे जुळल्याशिवाय आमच्यापैकी कोणी घरी जात नसे. बारा पैशांच्या फरकासाठी रात्रीचे नऊ वाजल्याचे आठवते. त्यामुळे ही बेरजेची युक्ती वाचली तेव्हा मला त्या परक्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. हा आपल्यातलाच दिसतो, असे वाटले.

पण हे फलक सुटे सुटे होते. शिकागोच्या फलकावर लिहिलेले बोस्टनच्या माणसाला वाचायचे तर त्याने शिकागोला ट्रंक कॉल लावायचा. हे कोडे १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांच्या सोबतीने सोडवले. जेनिंग्ज यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘फिडो’, म्हणून या जाळ्याचे नाव फिडोनेट. युक्ती साधी होती. दिवसभर लोकांनी आपापल्या गावच्या फलकावर निरोप ठेवावेत. टेलिफोनचे दर रात्री उतरतात. तेव्हा ठरलेल्या एका तासात सर्व फलक माणसांसाठी बंद करावेत आणि यंत्रांनी एकमेकांना फोन लावून टपालाची देवघेव करावी. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पाव होत म्हणून पेंगुळलेल्या पोरांना घेऊन बूथपुढे रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढीला यातले अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

केंद्रे वाढली तशी ज्याने त्याने ज्याला त्याला फोन लावणे परवडेना. तेव्हा सेंट लुइसच्या काही हौशींनी पुढाकार घेतला आणि १९८५ मध्ये घडी नव्याने बसवली. एका शहराचे सगळे टपाल त्या शहरातल्या एका केंद्राकडे एकाच लांबच्या फोनने द्यायचे, पुढचे वाटप त्याने स्थानिक फोनने करायचे. बाहेरगावचे चेक आम्ही असेच एका गठ्ठ्यात त्या गावच्या मुख्य शाखेकडे पाठवत असू. १९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी आणखी एक सोय केली : एका फलकावर लिहिलेले सर्व फलकांवर उमटू लागले, आणि चर्चा शहराबाहेर, मग देशाबाहेर गेल्या. उत्तर यायला कधी दोन दिवस लागत, कधी आठवडा. रागाने लिहायला घेतलेले उत्तर तोवर थोडे निवत असावे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या जाळ्यात जगभरची तीस हजारांहून अधिक केंद्रे होती. ती चालवणारे बहुतेक सारे आपला खिसा आणि आपली झोप खर्च करत होते.

मला यातला एक प्रसंग फार बोलका वाटतो. सुरुवातीच्या दिवसांत यादीत एक टेलिफोन क्रमांक चुकीचा पडला. तो होता एका वृद्ध व्यक्तीचा. रोज पहाटे तिचा फोन वाजे, उचलला तर पलीकडे कोणी बोलत नसे. यंत्रे बिचारी आज्ञाधारक. माणसाचा आवाज ऐकून ठेवून देत आणि पुन्हा लावत. चूक उमगल्यावर हौशींनी नियम कडक केले. ज्याला केंद्र म्हणून यादीत नाव हवे, त्याने आधी त्याच जाळ्यातून निरोप पाठवून आपले यंत्र खरोखर चालते हे सिद्ध करायचे. शेजाऱ्याची झोप मोडली तर ती आपली जबाबदारी, हे कोणा न्यायालयाने सांगण्याआधी त्यांनी ओळखले. पुढे त्यांच्या नियमावलीचे सार दोन गोष्टींत मावत होते : दुसऱ्याला अती त्रास देऊ नये, आणि आपणही चटकन त्रासून जाऊ नये. कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेने जिन्यात लावावे असेच ते आहे. म्हणून तिथे भांडणे झाली नाहीत असे नाही. भरपूर झाली. त्यांनी एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली होती, तीही तंट्यांपायी मोडली.

आपल्याकडेही हे फलक होते. मुंबईत होते; बंगळूरला अतुल चिटणीस यांनी चालवलेला नावाजलेला होता. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या त्या काळात एक लाइन अनोळखी लोकांसाठी मोकळी ठेवायची, याला काय म्हणावे? देवनागरीची सोय जवळजवळ नव्हती, म्हणून मराठी माणूस रोमन अक्षरांत मराठी लिही. १९९४ मध्ये दूरसंचार खात्याने अशा हौशी केंद्रांकडूनही वर्षाला लाखो रुपयांचे परवाना शुल्क मागण्याचा विचार केला, तेव्हा अर्थातच ओरड झाली. फुकट पाणपोई चालवणाऱ्याकडे हॉटेलचा परवाना मागण्यासारखेच ते होते. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले आणि हळूहळू फलकांची गरज सरली.

आता त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना थोडे थांबवायला हवे. संगणक आणि टेलिफोन दोन्ही परवडणारे लोक मूठभर. त्यांत बायका त्याहून थोड्या. त्या फलकांवर चोरीच्या प्रोग्रॅमचा बाजारही चाले. आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे तिथे पत्र पाकिटात नसे. वाटेतल्या प्रत्येक केंद्राचा चालक मनात आणले तर ते वाचू शके, आणि नियमावली हे लपवतही नव्हती. आज गावाकडच्या आजीला नातीचा चेहरा दिसतो, तोही जवळजवळ फुकट. ते सोडून मागे जा असे कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. पत्र वाचू शकणाऱ्या त्या चालकाला नाव होते, गाव होते, टेलिफोन नंबर होता. बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करत असू. गावातल्या सावकाराची ठेव आणि मास्तरांचे कर्ज दोन्ही आमच्या डोळ्यांखालून जाई, आणि बाजारात भेटल्यावर आम्हाला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागे. हिशेब गुप्त राही तो कुलपापेक्षा त्या नजरेमुळे. फलकाच्या चालकाचेही तसेच होते. त्याच्या फलकावर कोणी चहाडी लिहिली तर लोक त्यालाच विचारत. आज आपली पत्रे, फोटो, लग्नाच्या याद्या कोणाकडे आहेत? त्या घराला पत्ता आहे, पण दार वाजवले तर उघडणारा माणूस नाही. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळांच्या गप्पांचा फड एका सूचनेसरशी उठला. जाहीर गप्पा नंतर काही काळ तिथे नुसत्या वाचायला ठेवल्या होत्या. पुढे तेही गेले. भाडेकरूला कोण विचारतो?

गंमत अशी की ते जुने फलक पूर्ण विझलेले नाहीत. जगात काही हौशी माणसे चाळीस वर्षांपूर्वीच्या कमोडोरचे वाळलेले कपॅसिटर बदलतात, फ्लॉपीच्या जागी मेमरी कार्ड बसवतात आणि त्याला काड्यापेटीएवढे वायफायचे उपकरण जोडतात. हे उपकरण मोडेमचे सोंग घेते. म्हाताऱ्या यंत्राला वाटते आपण फोन फिरवतो आहोत. प्रत्यक्षात ते इंटरनेटवरून दुसऱ्या खंडातल्या अशाच एखाद्या यंत्राशी बोलते. फिडोनेटही लहान का होईना, चालू आहे. अनेक फलकांवर आजही एका वेळी एकच पाहुणा. याला पोरखेळ म्हणणारे म्हणोत. मला तो आगगाडीच्या जमान्यात बैलगाडी राखण्याचा खेळ वाटत नाही. आपले दप्तर आपल्या घरात ठेवता येते, आणि ते ठेवायला श्रीमंत कंपनी लागत नाही, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे.

आपल्याला कमोडोर आणायची गरज नाही. पण आपल्या सोसायटीचे ठराव, वाचनालयाच्या सभासदांची यादी, भिशीचा हिशेब, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो हे सारे आज कोणाच्या तरी मोबाइलमधल्या एका गटात पडून आहे. तो फोन हरवला, गट मोडला, कंपनीने नियम बदलले, तर? पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत चहापानाच्या आधी एक विषय घालावा : आपले दप्तर कुठे आहे आणि ते कोण सांभाळतो? उत्तर म्हणून कंपनीचे नाव चालणार नाही. उठून ‘माझ्याकडे’ म्हणणारा एक माणूस लागेल, आणि इतिवृत्तात त्याचे नाव लिहिलेले लागेल.