लॅम्डा : मेथडच्या हातात दिलेली चिठ्ठी

आज जावा शिकणाऱ्यांना हमखास अडवणारा विषय घेऊया, लॅम्डा. नावाला घाबरू नका. लॅम्डा हे ग्रीक अक्षर. अलोन्झो चर्च या अमेरिकन गणितज्ञाने १९३० च्या दशकात ते आपल्या गणितात वापरलं आणि तिथून ते प्रोग्रामिंगमध्ये आलं. जावात मात्र ते यायला २०१४ साल उजाडलं, जावा ८ सोबत.

समजा, बारशाच्या ४० पाहुण्यांची यादी आहे आणि न येणाऱ्यांची नावं काढायची आहेत. यादीकडे 'रिमूव्हइफ' नावाची मेथड असते. काढायचं कसं हे तिला ठाऊक आहे, पण कोणाला काढायचं हे नाही. ते आपण कंसात सांगतो:

पाहुणा -> !पाहुणा.येणार()

(हो, जावात नावं देवनागरीतही चालतात!) एवढ्याच अटीसाठी पूर्वी बिननावाचा अख्खा क्लास लिहावा लागायचा.

आता खरी गोम. ही ओळ लिहिली त्या क्षणी ती चालत नाही. किराणा दुकानदाराला चिठ्ठी दिली म्हणजे सामान घरी आलं, असं होतं का? तसंच हे. आपण उत्तर देत नाही, काम सोपवतो. मेथड ती चिठ्ठी ४० वेळा उघडते, प्रत्येक पाहुण्यासाठी एकदा. यादी रिकामी असेल तर एकदाही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

चिठ्ठी कुठेही चालत नाही हं. पॅरामीटरचा प्रकार असा इंटरफेस हवा, ज्यात अमूर्त मेथड एकच असते. इथे तो 'प्रेडिकेट' आहे: एक वस्तू घ्यायची, हो किंवा नाही सांगायचं.

आणि बाहेरच्या मेथडमधला 'मोजणी' व्हेरिएबल लॅम्डात वाढवायला गेलात, तर कंपायलर लगेच अडवतो. कारण साधं आहे. लॅम्डा नंतर कधीतरी चालेल, तोवर ती मेथड संपलेली असू शकते. म्हणून जावा लॅम्डाला फक्त किमतीची प्रत देतं, आणि प्रत एक नि मूळ दुसरंच असा घोळ नको म्हणून बदलच करू देत नाही.

माझं मत विचाराल तर लॅम्डा तीन ओळींच्या वर गेला की त्याची सरळ नावाची मेथड करावी.

करून पाहताना यादी 'अ‍ॅरेलिस्ट'ची घ्या. 'लिस्ट.ऑफ'ने बनवलेल्या यादीतून काहीच काढता येत नाही, प्रोग्रॅम तिथेच एरर देतो.