डब्यावर नाव कुणाचे?

चळवळीतल्या माणसाने महागडा चहा पिऊ नये, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. टपरीवरचे कटिंग हाच कार्यकर्त्याचा चहा. काचेच्या बरण्यांतून मळ्यांची नावे लावून विकला जाणारा सुगंधी चहा म्हणजे साहेब लोकांचे चोचले, असे आमचेच काही मित्र म्हणतात. हा दंडक आम्हाला मान्य नाही. गरिबी हा आपला इतिहास आहे, ते आपले ध्येय नाही!

ज्या समाजाच्या माणसाला हॉटेलवाला वेगळी कपबशी देत होता आणि ती त्यालाच विसळून ठेवायला लावत होता, त्या समाजाला चहाचे राजकारण कुणी शिकवण्याची गरज नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा सवर्ण तिकडे फिरकेनात. राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तेथे जाऊन चहा घेतला आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावला. पुढे राज्यघटनेच्या कलम 15 (2) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही 2011 साली अरुमुगम सेरवाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तामिळनाडूतील चहाच्या दुकानांतल्या ‘दोन पेल्यां’च्या प्रथेवर कडक ताशेरे ओढावे लागले. म्हणून आपल्या माणसाने कोणत्याही चहाच्या दुकानात ताठ मानेने बसणे ही चैन नव्हे, तो हक्क आहे.

त्याच हक्काने आम्ही पुण्यातील अशाच एका दुकानातून अर्ल ग्रे नावाचा सुट्या पानांचा चहा आणला. 50 ग्रॅमच्या डब्याला 400 रुपये. आसामच्या काळ्या चहाच्या पानांना बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलाचा वास दिलेला असतो. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात पिकते. हा चहा आपल्यासारखा उकळायचा नाही. उकळते पाणी पानांवर ओतायचे, तीन मिनिटे झाकून ठेवायचे आणि गाळायचे. दूध नको, साखर नको. आले घातलेल्या घट्ट चहाची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट पाणचटच लागतो. नाकाला मात्र लिंबाच्या सालीसारखा वास येतो. अर्धा कप संपेपर्यंत त्या वासामागची पानाची तुरट चव कळू लागते. पाच-सहा मिनिटे ठेवला तर कडू होतो. चहा उत्तम आहे. ज्याला परवडेल त्याने जरूर प्यावा.

पण वकिलाला कागद वाचायची खोड असते. आम्ही डबा वाचला. मळा कोणता, पानाची प्रत कोणती, पाणी किती गरम हवे, सारे लिहिलेले. वर एका इंग्रज उमरावाचे नाव. हा अर्ल ग्रे म्हणजे 1830 ते 1834 या काळातला ब्रिटनचा पंतप्रधान. त्याच्याच सरकारने 1833 साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली, पण कोणाला? गुलामांच्या मालकांना! ज्यांच्या पाठीवर चाबूक ओढले, त्यांना एक छदामही नाही.

मालकाचे नुकसान मोजायचे आणि मजुराचे मोजायचेच नाही, ही रीत पुढे आसामच्या मळ्यांतही चालली. छोटा नागपूरच्या संथाळ, मुंडा, उरांव आदिवासींना दलालांमार्फत तेथे नेले गेले. 1859 च्या कायद्याने मजुराने करार मोडणे हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तीच पाने खुडतात. झारखंडात हे समाज अनुसूचित जमाती आहेत, आसामात मात्र इतर मागासवर्गात. त्यांची मागणी अनेक दशकांची आहे.

आता हिशेब पाहा. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रह्मपुत्रा खोऱ्यातील मळेमजुरांचा रोज 232 वरून 250 रुपये झाला. अनेक मळ्यांत दिवसाला 24 किलो पाने खुडावी लागतात. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. म्हणजे 250 रुपयांत पाच किलोंहून अधिक चहाची खुडणी झाली, आणि 50 ग्रॅमच्या वाट्याला अडीच रुपयेही आले नाहीत. उंची चहासाठी कोवळी पाने निवडावी लागतात, वजन कमी भरते. रेशन आणि घरांचा खर्चही मालक दाखवतात. ठीक आहे, हिशेब चौपट करा. दहा रुपये! उरलेल्या 390 रुपयांत कारखाना, वाहतूक, तेल, डबा, दुकानाचे भाडे असा वाजवी खर्चही आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या हाताशिवाय चहाच नाही, तो हात या हिशेबात सर्वांत शेवटी का?

कायदा नव्हता असे नाही. 1951 च्या मळा कामगार कायद्याने घर, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरवली होती. तो कायदा 2020 च्या सुरक्षा व आरोग्यविषयक कामगार संहितेत विलीन झाला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. कायद्याचे नाव बदलले म्हणून मजुराच्या झोपडीचे छप्पर गळायचे थांबत नाही. पुस्तकातला हक्क मळ्यापर्यंत पोहोचवायला संघटना लागते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे केवळ आपल्याच वस्तीपुरते नाही.

म्हणून बांधवांनो, असा चहा घ्या तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. या मळ्यात रोज किती मिळतो? मळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहे का? त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी मळ्याला विचारील. डब्यावर मळ्याचे नाव आणि पानाची प्रत छापता येते, तर मजुरीचा आकडाही छापता येईल. त्याला फार शाई लागत नाही.