काम किती ते करारात लिहा : केळापूर तालुक्यातील इंग्रजी शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
ज्यांच्या सहीने आमच्या नेमणुका होतात ते सर्व सक्षम अधिकारी व संस्थाचालक

विषय : आश्रमशाळा, माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, रोजंदारीवर व कंत्राटावर काम करणाऱ्या इंग्रजी शिक्षकांचा कार्यभार आणि करारनामा

महोदय / महोदया,

दरवर्षी आमच्या हाती पडणारा नेमणूक आदेश एका पानाचा असतो. त्यात नाव, विषय, तासिकेचा दर, ‘सत्र संपेपर्यंत किंवा नियमित उमेदवार उपलब्ध होईपर्यंत’ हे एक वाक्य आणि ‘पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करण्यात येईल’ हे दुसरे. सोबत करारनामा असतो. नियमित सेवेवर कधीही हक्क सांगणार नाही, असे त्यात आम्ही लिहून देतो. त्याचा मुद्रांक पूर्वी 100 रुपयांचा होता, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा झाला. पैसे आमच्याच खिशातले. पण आठवड्याला किती तासिका घ्यायच्या, किती वह्या तपासायच्या, शाळा सुटल्यावर कुठवर थांबायचे, याबद्दल या कागदांत एक अक्षर नसते. आमची मुख्य मागणी एकच आहे : काम किती ते करारात लिहा. पुढच्या सगळ्या मागण्या तिच्याच पोटातल्या आहेत.

ही मागणी काही जगावेगळी नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशातून जाणाऱ्या शिक्षकाच्या करारात आठवड्याला 22 तासिका असे लिहिलेले असते. त्यापुढच्या तासिकेचे पैसे वेगळे, राहण्याची सोय शाळेकडून. जपानने 1987 साली सुरू केलेल्या अशाच योजनेत कामाचे तास आठवड्याला 35 आणि करार एक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारा. तिथला पगार आम्ही मागत नाही. परक्या देशातून आलेल्या माणसालाही आपले काम किती हे रुजू होण्याआधी कळते, एवढेच दाखवायचे आहे. पांढरकवड्याहून पाटणबोरीला रोज जाणाऱ्या आमच्या बाईंना मात्र ते सत्र अर्धे सरल्यावर कळते.

कामाचा हिशेब मांडून दाखवतो. 35 मिनिटांच्या 30 तासिका म्हणजे साडेसतरा तास. कागदावर आमचे काम इथे संपते. पण इंग्रजी हा विषय मुलाने लिहिल्याशिवाय आणि शिक्षकाने ते वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. पाच वर्ग, वर्गात 45 मुले, म्हणजे 225 वह्या. एका पत्रलेखनाला तीन मिनिटे धरली तरी सव्वाअकरा तास लागतात, आणि हे फक्त एका वेळच्या गृहपाठाचे झाले. दहावीला लेखी 80 गुणांची, उरलेले 20 अंतर्गत. त्यातली तोंडी परीक्षा एकेका मुलाला समोर बसवूनच घ्यावी लागते, पंचेचाळीस जणांची एकदम होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. मग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचीच तयारी हवेत कशी विरते? आमची मागणी अशी : आठवड्याला जास्तीत जास्त 24 तासिका आणि दर तीन तासिकांमागे एका तासिकेचे मानधन तयारी व तपासणीसाठी. चोविसाला आठ, म्हणजे 32 तासिकांचे मानधन. चोविसावर एकही तासिका लावली तर तिचा वेगळा लेखी आदेश आणि वेगळे पैसे.

दुसरा भार केवळ आम्हा इंग्रजीवाल्यांच्या नशिबी आहे. यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायची? इंग्रजीच्या सरांना बोलवा. आधारवर मुलीच्या नावाचे स्पेलिंग एक, दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे. दुरुस्तीचा अर्ज सर लिहितील. शिष्यवृत्तीचे पोर्टल, संस्थेचे पत्र, अध्यक्षांच्या नातवाचा प्रवेश अर्जसुद्धा. इंग्रजी येते हा जणू गुन्हाच. एका शाळेत आमच्या सहकाऱ्याला सहामाहीच्या तोंडावर आठवडाभर संगणकाजवळ बसवले. त्या दिवसांच्या तासिका ‘झाल्या नाहीत’ म्हणून मानधन कापले गेले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगर-शैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे सांगते. कारकुनी कामाला माणूस नेमा. तोवर हे काम द्यायचेच असेल, तर तो वेळ तासिका म्हणून धरा.

तासिका ‘न होण्याची’ कारणे या भागात बरीच आहेत आणि त्यातले एकही आमच्या हातचे नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, आमचे आदेश त्यानंतर कधीतरी निघतात. मध्ये पोळा, मग दिवाळी. दिवाळीला घरी गेलेली आश्रमशाळेतली मुले कापसाच्या वेचणीत अडकतात आणि आठ-पंधरा दिवस उशिरा परततात. आईबाप पऱ्हाटीत असताना धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? वर्गात मुले नाहीत म्हणून तासिका नाही, तासिका नाही म्हणून मानधन नाही. शिक्षक मात्र हजेरीपटावर सही करून रिकाम्या बाकांसमोर बसलेला असतो. म्हणून मानधन प्रत्यक्ष झालेल्या तासिकांवर न मोजता महिन्यावर ठरवा, शाळा उघडल्याच्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत सलग द्या, आणि ते दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत खात्यात जमा करा.

किती द्यायचे, हा हिशेब शासनानेच केलेला आहे. 2023 मध्ये शिक्षण सेवकांचे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. तोच अभ्यासक्रम, तीच मुले, तोच बोर्डाचा पेपर; मग त्याहून कमी देण्याचे कारण आम्हाला कोणी समजावून सांगितलेले नाही. जगजित सिंग प्रकरणात 26 ऑक्टोबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांनाही न्यायालयाने किमान वेतनश्रेणी मिळवून दिली. आमच्यातल्या प्रत्येकाने एकेकट्याने नागपूर खंडपीठाची पायरी चढावी, अशी शासनाची इच्छा नसावी.

नेमणुकीतल्या मधल्या एजन्सीबद्दल थोडक्यात. आश्रमशाळांतली पदे बाह्यस्रोतातून भरण्याच्या निर्णयाविरुद्ध 2025 च्या जुलैत रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले, ते सर्वांना ठाऊक आहे. ठेकेदाराला पाचवीतल्या मुलीचे वाचन सुधारले की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते. नेमणूक करणाऱ्याचे आणि शिक्षकाचे नाते थेट असावे.

आता ज्या मुद्द्यावर आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे तो. आपल्या राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. पुण्या-मुंबईचे मूल मराठीतून इंग्रजीकडे जाते. आमच्या पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीतले, मूल घरी कोलामी बोलते, शाळेत येऊन मराठी शिकते आणि त्याच वेळी आम्ही त्याच्यापुढे इंग्रजीचे पुस्तक उघडतो. शेजारच्या बाकावर गोंडी बोलणारा असतो, त्यामागे तांड्यावरची बंजारा मुलगी, आणि पैनगंगेच्या बाजूच्या गावांतून आलेल्याला तेलुगू कळते. पाठातला शब्द मराठीत सांगितला तरी अर्धा वर्ग तोंडाकडे बघतो. मग आमच्यातले काही जण चौथ्या-पाचव्या वर्षी स्वतःच्या वहीत चार रकाने आखतात : इंग्रजी, मराठी, कोलामी, गोंडी. मुलांनाच विचारून ते भरतात. पाणी, भाकर, बैल, ताप, भीती. अशी वही हाताशी असली की सहावीचा वर्ग महिनाभरात बोलायला लागतो, हे आम्ही पाहिले आहे. पण त्या शिक्षकाचा आदेश पुढच्या जूनला दुसऱ्याच शाळेचा निघतो, किंवा निघतच नाही, आणि नवा माणूस पुन्हा कोऱ्या वहीपासून सुरुवात करतो. निकाल कमी लागला की जाब मात्र इंग्रजीलाच विचारला जातो.

म्हणून काम समाधानकारक असेल तर त्याच शाळेत किमान तीन वर्षांचा करार द्या, मध्ये एका दिवसाचा तांत्रिक खंड दाखवू नका. पाचवी आणि आठवीला पहिला महिना अभ्यासक्रमाच्या टक्केवारीतून मोकळा ठेवा. तो मुलांची बोली ऐकण्यात आणि तोंडी इंग्रजीत जाऊ द्या. कोलामी-गोंडी जाणणारा गावातलाच एखादा बारावी झालेला तरुण मदतनीस म्हणून द्या. शब्दसंग्रहाचे काम कार्यभारात धरा.

रात्रपाळीचे स्पष्ट असावे. वसतिगृहासाठी अधीक्षक आणि अधीक्षिकेची पदे आहेत. ती रिकामी असली की शिक्षिकेला ‘आजच्या दिवस’ थांबवले जाते आणि तो आजचा दिवस पुष्कळ लांबतो. लेखी संमती, स्वतंत्र मोबदला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासिकांतून सूट, या तीन गोष्टींशिवाय मुक्काम लावू नये. प्रसूतीसाठी आम्ही दयेची मागणी करत नाही. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या स्त्रीला 26 आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने मिळाली, आणि दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी स्त्रियांना तो कायदा लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले. करारात ते कलम असू द्या.

आम्ही काय मागत नाही, तेही सांगायला हवे. सरसकट कायम करा, असे या पत्रात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर ते सोपे नाही, हे आम्ही जाणतो; नियमित भरती निघाली की परीक्षा देऊ, फक्त इथल्या अनुभवाला त्यात गुण असावेत. उलट आम्हालाही बांधून घ्या. हैदराबाद रस्त्यावरच्या खासगी शाळेत चार हजार जास्त मिळाले की आमच्यातला एखादा जानेवारीत निघून जातो आणि दहावीची मुले तोंडावर पडतात. म्हणून एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना लागू करा. आमचे पाठ येऊन पाहा, वह्या काढून बघा, पण पाहिल्यावर शेरा लेखी द्या आणि त्याची प्रत आम्हाला मिळू द्या.

पुढील सत्राच्या कराराचा मसुदा मराठीत, शाळा उघडण्याच्या किमान पंधरा दिवस आधी आम्हाला वाचायला मिळावा. त्यावर चर्चेला आमचे तीन प्रतिनिधी येतील, त्यात एक आश्रमशाळेतली शिक्षिका असेल. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी सहीसह हवे. वेळापत्रक आणि कार्यभाराचा तक्ता ज्या करारात नसेल, त्यावर आम्ही सही करणार नाही; वर्ग मात्र पहिल्या दिवसापासून घेऊ.

आपले,
केळापूर तालुक्यातील तासिका, रोजंदारी व कंत्राटी इंग्रजी शिक्षक