विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर कोणते लिनक्स? प्रश्न आवडीचा नाही, परवडण्याचा आहे!

"लिनक्समध्ये सर्वात चांगले कोणते?" असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की जाणकार मंडळी आपापले झेंडे घेऊन पुढे येतात. मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा की, लॅपटॉप बंद पडला तर किंमत कोण मोजणार? ज्याच्या घरात दुसरा लॅपटॉप आहे त्याने खुशाल प्रयोग करावेत. पण ज्याच्याकडे ४ जीबी रॅमचा एकच जुना लॅपटॉप आहे आणि उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, त्याला प्रयोग परवडत नाहीत.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारे लॅपटॉप कंपनीच्या एका निर्णयाने बाद! मग दुकानदार क्रॅक केलेली विंडोज टाकून देतो. "तीही फुकटच की" असे म्हणणाऱ्यांना विचारतो, क्रॅक करणाऱ्याने आत आणखी काय घातले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

माझे मत स्पष्ट आहे. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी. ती हलकी आहे. मेनू आणि खालची पट्टी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे पदवी होईपर्यंत चिंता नाही. रॅम ८ जीबी असेल तर उबुंटूची एलटीएस आवृत्तीही चालेल. आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता आली, तर लॅपटॉपचा वेग कोणत्याही लिनक्सपेक्षा त्यानेच जास्त वाढेल.

काहींना 'हॅकर' दिसण्यासाठी काली हवे असते. काली हे सुरक्षा-चाचणीचे हत्यार आहे. ते नवशिक्यांसाठी नाही, असे त्याचे निर्मातेच सांगतात. आर्च शिकण्यासाठी उत्तम, पण त्याचे अपडेट अखंड सुरू असतात आणि बिघाड स्वतः निस्तरावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ती हौस कशाला?

आता विरोधी बाजू. ऑटोकॅड, टॅलीप्राइम लिनक्सवर थेट चालत नाहीत. काही ऑनलाइन परीक्षांचे सॉफ्टवेअरही विंडोजच मागते. ज्याचा अभ्यासक्रमच त्यावर आहे त्याने विंडोज ठेवावी. उगाच क्रांतीच्या गप्पा मारू नयेत. परंतु "लिनक्स सामान्य मुलांना झेपत नाही" हा दावा मात्र खोटा आहे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीवर वर्षानुवर्षे शिकत आहेत. झेपत नाही असे ठरवणारे तुम्ही कोण?

अर्थात, मी सांगतो म्हणूनही मानू नका. मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, मराठी टायपिंग तपासा. आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग स्वतःच्या अनुभवावरून निर्णय घ्या.