चौघांचा बेत

आमच्या घरात रात्रीच्या कुठल्याही कार्यक्रमाचा बेत शेवटापासून सुरू होतो. नाटक कोणते, काम कोणाचे, हे सगळे नंतर. आधी प्रश्न एकच, परत कसे यायचे? चर्चगेटहून शेवटची बोरिवली रात्री एकला सुटते हे पश्चिम उपनगरातल्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के ठाऊक असते. आम्ही मुलुंडची मंडळी, म्हणजे मध्य रेल्वेची. आमच्या हिशेबात वर दादरचा जिनाही येतो.

तर २०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, पहिल्यांदाच भारतात सामने खेळणार होती. इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे दोन संघ, ४ आणि ५ ऑक्टोबरला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. माझी लेक तेव्हा आठवीत होती आणि शाळेच्या संघात खेळत होती. तिने बातमीचे कात्रण जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवले. काही बोलली नाही. आमटीचा डाग पडू नये म्हणून तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

तिला त्या किंग्जचे विशेष आकर्षण होते. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे, जुहूत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने हा संघ विकत घेतला गेला. पण लेकीला त्यांच्या मालकीशी कर्तव्य नव्हते. स्वतः कधी बास्केटबॉल न खेळलेल्या या गृहस्थाने आपल्या बारा वर्षांच्या लेकीच्या संघाचे प्रशिक्षक व्हायचे ठरवले आणि त्या साधारण मुलींना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेले, ही हकीकत तिने कुठेतरी वाचली होती. ‘‘बाबा, त्यांनाही काही येत नव्हतं,’’ असे ती मला म्हणाली. त्या ‘ही’चा अर्थ मी विचारला नाही.

पहिल्या दिवशीचा सामना शाळकरी मुलांसाठी होता. सत्तरहून अधिक शाळांतली तीन हजार मुले बोलावली होती. त्यांत आमची शाळा नव्हती. उरला शनिवार.

मी वही घेऊन बसलो. पाच तारीख म्हणजे नवरात्रातला शनिवार. सहामाही तोंडावर, आईचा उपास, आणि गरब्यामुळे संध्याकाळी रस्ते तुंबलेले. (त्या दिवशीचा रंग करडा, असे सौ.ने मध्येच सांगितले. पेसर्सचा पिवळा, किंग्जचा जांभळा. करड्या रंगाला वाली कोणीच नव्हता.) मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग महालक्ष्मी, तिथून रेसकोर्सच्या कडेने पायी. सामना किती वेळ चालतो? बारा मिनिटांचे चार डाव, एकूण अठ्ठेचाळीस मिनिटे, असे लेकीने सांगितले. ‘‘पाऊण तासाच्या खेळासाठी इतका आटापिटा?’’ आई म्हणाली. मग खुलासा झाला की चेंडू थांबला की घड्याळही थांबते, त्यामुळे पाऊण तासाचे सव्वादोन तास होतात. आणि बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा डाव. तोही बरोबरीत सुटला तर आणखी एक. ‘‘म्हणजे संपायची वेळच नक्की नाही!’’ असे म्हणून आईने वहीतून अंग काढून घेतले. शेवटापासून बेत आखणाऱ्या घराला हा खेळच गैरसोयीचा.

मग तिकिटांचा दर पाहिला. सगळ्यात स्वस्त तिकिटाला चाराने गुणले आणि ‘चौघे’ हा शब्द घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही. दोन तिकिटे काढायची, लेक आणि मी, असे ठरले. धाकटा तेव्हा दहा वर्षांचा. त्याला समजावायचे काम सौ.कडे गेले. तिने ते कसे केले मला माहीत नाही, पण तो आठवडाभर माझ्याशी फार सभ्यपणे वागत होता. मुले रुसली की बरे वाटते. सभ्य झाली की अपराधी वाटते.

शुक्रवारचा सामना आम्ही टीव्हीवर पाहिला, आणि नेमका तोच जादा डावात गेला! पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. प्रेक्षागारात तीन हजार पोरे ओरडत होती आणि मी घरी बसून मनातल्या मनात गाड्या मोजत होतो.

शनिवारी पाच वाजता जेवून निघालो, रात्रीच्या नाटकाला निघतो तसेच. आत पोहोचलो तेव्हा खेळाडू सराव करत होते. तो सरावच माझ्या लेकीने सर्वांत मन लावून पाहिला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. टीव्ही चेंडूच्या मागे धावतो, पाय दाखवत नाही. ती पाय पाहत होती. सात फुटी माणूस दहा फुटांवरच्या कडीत एकच फेक पुन्हा पुन्हा टाकतो आहे, मध्येच चुकतो आहे, आणि चुकल्यावर चेहऱ्यावरची रेषा न हलवता पुन्हा तीच फेक घेतो आहे. ‘‘हेही चुकतात,’’ ती म्हणाली. पुढचा सामना एकतर्फी झाला, पेसर्सनी १३०-१०६ असा घेतला. शेवटची काही मिनिटे राहिली तेव्हा मी ‘निघू या का?’ म्हटले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर मी घड्याळाकडे पाहिले नाही.

आणि गंमत बघा, अकराला दहा मिनिटे कमी असताना आम्ही घरी होतो. ज्या परतीने महिनाभर छळले, ती बिनबोभाट पार पडली. अडले होते ते पैशांपाशी आणि अंतरापाशी.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात आहे, ती स्पष्ट लिहितो. मराठी माणूस दादर-गिरगावातून उपनगरात सरकला तेव्हा नाटक त्याच्या मागोमाग आले. पार्ल्यात दीनानाथ उभे राहिले, मुलुंडला कालिदास, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. म्हणून आजही आमच्याकडे नाटकाचा बेत चौघांचा होतो. खेळ मात्र आमच्या मागोमाग आला नाही. वानखेडे, ब्रेबॉर्न, कूपरेज, वरळीचा डोम, सगळे शहराच्या दक्षिण टोकाला. प्रो कबड्डीची पहिली लढतही २६ जुलै २०१४ ला त्याच डोममध्ये झाली. कबड्डीसारखा आमच्या गल्लीतला खेळ पाहायलाही आम्ही गाडी पकडून वरळीला गेलो! अपवाद अंधेरीचा. तिथल्या शहाजीराजे क्रीडासंकुलात २०१६ पासून मुंबई सिटी एफसीचे फुटबॉल सामने होऊ लागले.

बास्केटबॉलचे दुखणे तर याहून खोल आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला, तो हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून. आमच्या लेकीची शाळा तो उघड्या डांबरी मैदानावर खेळवते. कडीला जाळी नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिने चेंडू कपाटात. ज्या शहराला छपराची सर्वांत जास्त गरज, तिथे छपराखालचा खेळ उघड्यावर. पालिकेला माझे एवढेच सांगणे की, पूर्व आणि पश्चिम उपनगरांत दोन-दोन हजार खुर्च्यांचे एकेक बंदिस्त प्रेक्षागार बांधा. दिवसा तिथे शाळांची मुले खेळू देत, शनिवारी संध्याकाळी व्यावसायिक संघ. देशात अशा लीग निघाल्या, त्यांत ‘मुंबई चॅलेंजर्स’, ‘मुंबई टायटन्स’ अशा नावांचे संघही होऊन गेले. पण संघाच्या नावात मुंबई असून भागत नाही, मुलुंडच्या पोरीला चालत जाता येईल असे दारही लागते.

दोष आपलाही आहे, तो झाकत नाही. नाटकाला तिकीट काढून जायचे हे आपल्याला आजी-आजोबांनी शिकवले. खेळ म्हणजे एकतर रस्त्याकडेच्या मांडवात उभ्याने फुकट पाहायचा, नाहीतर टीव्हीवर. पैसे मोजून, सहकुटुंब, भारतीय संघ नसलेला सामना पाहायला जाणे, हे अजून आपल्याला उधळपट्टीच वाटते. दर परवडणारा असता तरी आमच्या घरात चौघांच्या तिकिटावर वाद झालाच असता, आणि तो मीच घातला असता.

तर त्या रात्री दार उघडले ते धाकट्याने. झोपला नव्हता. टीव्हीवर गर्दीत आम्हाला शोधत बसला होता. गुण त्याला सगळे पाठ. त्याने विचारले ते वेगळेच, चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज खरेच इतका मोठा येतो का? लेकीने सांगितले, त्याहून बुटांचा येतो. मग तो म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी माझी पाळी.’’ मी हो म्हटले.

एनबीएचे संघ त्यानंतर मुंबईत सामना खेळायला आलेले नाहीत. धाकट्याची उंची दरम्यान माझ्यापुढे गेली. २०२४ च्या हिवाळ्यात त्यानेच एक बेत आखला. मुलुंडहून घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रो, आझाद नगरला उतरायचे आणि फुटबॉल पाहायचे. चौघांची तिकिटे मिळून वरळीच्या एका तिकिटाहून कमी पडली. परतीची वेळ त्याने वहीत नव्हे, मोबाइलवर काढली होती, आणि आधी नव्हे, सामना संपल्यावर. मेट्रोत बसायला जागा मिळाली. मी समाधानाने म्हटले, ‘‘झाली की नाही तुझी पाळी?’’

‘‘हे फुटबॉल होतं, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘ती बाकी आहे.’’